भांडुपच्या खाडीत फ्लेमिंगो आले म्हणजे पाणी स्वच्छ झालं का? ठाणे खाडीची तब्येत अशी तपासतात

हिवाळा लागला की भांडुप पंपिंग स्टेशनजवळच्या खाडीतले फ्लेमिंगोंचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. हजारो गुलाबी पक्षी पाहून ‘खाडी सुधारली’ असा अनेकांचा समज होतो. पण पक्ष्यांच्या संख्येवरून पाण्याचा दर्जा ठरत नाही. तो ठरवायला काय मोजतात आणि या खाडीत ते मोजणं अवघड का आहे, हे समजून घेऊ.

ही खाडी नेमकी कशी आहे?

मुंबई आणि नवी मुंबईच्या मधली ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला मुंबई बंदराकडे ती रुंद होते, तर उत्तरेला ठाण्याकडे अरुंद होत जाते. तिथे एका चिंचोळ्या प्रवाहाने ती उल्हास नदीला जोडलेली आहे. मात्र उल्हासचं बहुतेक पाणी वसईच्या खाडीतून समुद्रात जातं. त्यामुळे पावसाळा सोडला तर ठाणे खाडीला नदीचं गोडं पाणी फारसं मिळत नाही.

भांडुप, मुलुंड आणि ऐरोली हा भाग खाडीच्या अरुंद बाजूला येतो. इथलं घाण पाणी ओहोटीबरोबर खाली सरकतं आणि त्यातलं बरंचसं पुढच्या भरतीला परत येतं.

खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचं क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्यात ६,५२१ हेक्टर क्षेत्र येतं.

खाडीत काय काय येतं?

पश्चिमेकडून पूर्व उपनगरांतले नाले आणि सांडपाणी येतं. भांडुप आणि घाटकोपरच्या केंद्रांत प्रक्रिया झालेलं पाणीही इथेच सोडलं जातं. वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी पाइपातून समुद्रात आत नेऊन सोडतात. भांडुपला तशी सोय नाही, सगळा भार खाडीवर पडतो. पूर्व किनाऱ्यावर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे. कांजूरमार्ग आणि देवनारची डम्पिंग ग्राउंडही याच खाडीच्या काठाला आहेत.

(मुंबईला पिण्याचं पाणी देणारं ‘भांडुप कॉम्प्लेक्स’ वेगळं. त्याचा या सांडपाण्याशी संबंध नाही.)

तपासणीत काय मोजतात?

• विरघळलेला ऑक्सिजन : मासे आणि चिंबोऱ्या यावरच जगतात. ३० अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात तो लिटरला फार तर सहा मिलिग्रॅमच्या आसपास मावतो.

• बीओडी : पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात, याचं माप. नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून ते काढतात.

• फीकल कॉलिफॉर्म : हे जीवाणू माणसं आणि जनावरांच्या विष्ठेतून येतात. ते सापडले, तर मैला मिसळल्याचं कळतं.

• अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट : सांडपाण्याबरोबर येणारं शेवाळाचं खत.

• गाळ आणि त्यातले जीव : जड धातू गाळात वर्षानुवर्षं राहतात. चिखलात नुसते प्रदूषण सोसणारे किडेच उरले, तर तीही धोक्याची खूण असते.

किती असलं तर ठीक?

किनारी पाण्याचे केंद्रीय निकष वापरानुसार पाच वर्गांत विभागले आहेत. अंघोळ आणि व्यावसायिक मासेमारीच्या वर्गात (एसडब्ल्यू-२) ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम आणि फीकल कॉलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे १०० पर्यंत असावं लागतं. मिठागरं आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांसाठी (एसडब्ल्यू-१) ऑक्सिजनची अट ५ मिलिग्रॅमची आहे.

मग एकदा मोजलं की झालं?

नाही. भरतीला समुद्राचं पाणी आत आलेलं असतं, त्यामुळे आकडे बरे दिसतात. सहा तासांनी ओहोटीला त्याच जागी नाल्याचं पाणी वरचढ ठरतं. उधाणाला खाडी जास्त धुतली जाते, भांगाच्या भरतीला कमी. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ऑक्सिजन वापरतं. म्हणून नमुना कोणत्या वेळी आणि कोणत्या भरतीला घेतला, हे कळल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

मग फ्लेमिंगो का येतात?

इथे मोठ्या संख्येने येणारा लेसर फ्लेमिंगो नील-हरित शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती गाळून खातो. सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे हे खाद्य वाढतं. म्हणजे ज्या घाणीने माशांचा श्वास कोंडतो, तीच काही प्रमाणात या पक्ष्यांचं ताट वाढते. पण शेवाळ अति झालं, तर ते कुजून ऑक्सिजन संपवतं, आणि चिखलातले धातू अन्नातून पक्ष्यांच्याही पोटात जाऊ शकतात.

याची झळ आधी कोळीवाड्यांना बसते. बोय, कोळंबी, चिंबोरी आणि निवटी यांना शेवाळाच्या भरवशावर राहता येत नाही, त्यांना ऑक्सिजन लागतोच.

आता पुढे काय?

मुंबई महापालिकेच्या सात नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी १९ जानेवारी २०२३ रोजी झाली. त्यांची एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर असेल. त्यात भांडुपचा वाटा २१५ आणि घाटकोपरचा ३३७ दशलक्ष लिटर आहे.

केंद्रं सुरू झाली की त्यांच्या पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे आकडे जाहीर होतील. पण प्रक्रिया न होता थेट नाल्यातून येणारं पाणी त्यात मोजलं जात नाही. खाडी खरंच सुधारली का, हे पाहायचं तर उन्हाळ्यातल्या ओहोटीला, पहाटे, भांडुपजवळच्या पाण्यात ऑक्सिजन ४ मिलिग्रॅमच्या वर राहतो का, ते बघावं लागेल. राज्यातल्या पाण्याच्या तपासणीचे निकाल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आपल्या संकेतस्थळावर देतं. फ्लेमिंगोंचा पुढचा व्हिडिओ शेअर करण्याआधी तिथे एकदा नजर टाकता येईल.