तळटीप १७ : ‘छबिलदास’

१७. छबिलदास : दादर (पश्चिम), मुंबई येथील छबिलदास मुलांच्या शाळेचे सभागृह. येथे शाळा नव्हे, तर तिथे चाललेली प्रायोगिक नाट्यचळवळ अभिप्रेत आहे. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतून बाहेर पडलेल्या अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था स्थापली. व्यावसायिक नाट्यगृहांचे भाडे प्रायोगिक संस्थांना परवडत नसे. म्हणून १९७४ पासून ‘आविष्कार’ने हे सभागृह भाड्याने घेऊन तिथे प्रयोग सुरू केले आणि इतर संस्थांनाही ते खुले ठेवले. सत्यदेव दुबे यांचे ‘थिएटर युनिट’ व अमोल पालेकर यांची ‘अनिकेत’ यांचे प्रयोग इथे होत. कायमस्वरूपी रंगमंच नसल्याने नाटकाच्या गरजेप्रमाणे मांडणी बदलता येई. प्रेक्षक नटांपासून हाताच्या अंतरावर बसत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस हे सभागृह सुटले, तेव्हा ‘आविष्कार’ने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवले. पुढील परिच्छेदातील ‘छबिलदासी नाटक’ म्हणजे अल्प खर्चाचे, मोजक्या प्रेक्षकांसाठीचे प्रायोगिक नाटक. टीकाकार हा शब्द उपहासानेही वापरत. — संपा.