सीसीटीव्ही, सार्वजनिक ठिकाणचे (अहिल्यानगर जिल्हा)

दुरून पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्याचा आरंभ सामान्यतः 1942 मध्ये जर्मनीतील पेनेम्युंडे येथील अग्निबाण चाचण्यांपासून मानतात. रस्त्यांवर तो ब्रिटनने रुजवला : लंडनच्या ट्रफाल्गर चौकात 1960 मध्ये तात्पुरता, बोर्नमथला 1985 मध्ये कायमचा. मुंबईचा शहरव्यापी प्रकल्प 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर ठरला व 2016 मध्ये कार्यान्वित झाला.

अहिल्यानगर (2024 पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात लक्षणीय उदाहरण शनिशिंगणापूरचे (ता. नेवासा). घरांना दारे-कुलपे नसलेल्या या गावात 2011 मध्ये युको बँकेने कुलपाविना शाखा उघडली. 2015 मध्ये पोलीस ठाणे आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका महिलेने महिलांना मज्जाव असलेल्या शनिमंदिराच्या चौथऱ्यावर जाऊन दर्शन घेतले. तो प्रसंग कॅमेऱ्यात आल्याचे वृत्त होते; पुढे आंदोलन झाले व 2016 मध्ये महिलांच्या प्रवेशाचा निर्णय झाला. पहाऱ्यासाठी लावलेला कॅमेरा रूढीभंगाचा साक्षीदार ठरावा, हे नोंद घेण्याजोगे.





पुरावामूल्य : कॅमेरा बसवणे सोपे, त्याचे चित्रण न्यायालयात टिकवणे अवघड. या जिल्ह्यावर अधिकारक्षेत्र असलेल्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातूनच यावरचा प्रमुख वाद वर गेला. 2014 च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनातील व्हिडिओ चित्रणावरून ठरवायचे होते. मागूनही त्या चित्रणाच्या खरेपणाचे प्रमाणपत्र मिळाले नव्हते. अर्जुन पंडितराव खोतकर वि. कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी निर्णय दिला : मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खालील प्रमाणपत्र आवश्यक. 1 जुलै 2024 पासून त्या कलमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ने घेतली. प्रमाणपत्राच्या नव्या नमुन्याचे दोन भाग असून एक पक्षकाराने, दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलचे हॅश मूल्यही (तिची अंकीय ओळखखूण) नोंदवावे लागते. दुकानाच्या डीव्हीआरमधून (चित्रण साठवणाऱ्या यंत्रातून) पेन ड्राइव्हवर उतरवलेल्या नुसत्या फुटेजवर भागत नाही.

पोलीस ठाणी : परमवीर सिंग सैनी खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2 डिसेंबर 2020 च्या आदेशानुसार देशातील प्रत्येक ठाण्याच्या प्रवेशद्वारी, कोठड्यांत व व्हरांड्यांत कॅमेरे बंधनकारक आहेत, चित्रण 18 महिने जपायचे आहे.