आधी गरज, मग यंत्र

परवा शेजारचा द्राक्ष बागायतदार आमच्या ओट्यावर बसून मोबाइलवर त्याच्या बागेचा नोंदणी क्रमांक दाखवत होता. म्हणाला, "सर, हा नंबर नसला तर माल युरोपला जात नाही." मास्तरकीची खोड जात नाही, मी लगेच मागच्या सनावळ्यांत शिरलो.

1998 साली कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यात 70 गावांसाठी संगणकाचं जाळं उभारलं गेलं. बेत मोठा होता: शेतीसल्ला, बाजारभाव, सरकारी माहिती, सगळं गावातच. पुढे अभ्यासकांनी पाहिलं तर संगणक मुख्यतः उसाचं वजन, तोडणीचा परवाना, खताची उचल यांच्याच कामी येत होते. 2006-07 च्या सुमारास 7 गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. काम भागलं, खर्चही कमी झाला!

आमच्या दिंडोरी तालुक्याची गोष्ट उलट. 2003 साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश मर्यादेबाहेर सापडले. कोणत्या बागेतला माल, हे शोधता येईना तर सगळ्यांचीच द्राक्षं अडणार. म्हणून 2006 साली अपेडाने 'ग्रेपनेट' सुरू केलं. बागेची कृषी खात्याकडे नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, मग प्रतवारी आणि निर्यातीचा दाखला. सगळं त्या एका क्रमांकाला बांधलेलं. अहवाल नापास, तर गाडी पुढे सरकत नाही. इथे अडचण आधी होती, संगणक मागून आला.

तरीही 2010 साली फटका बसलाच. खरड छाटणीनंतर शेंडा रोखायला मारतात त्या 'सीसीसी'चे अंश युरोपात सापडले. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं! संगणकाने विचारलं तेवढंच तपासलं. माल बंदरात अडकला आणि बँकेचं कर्ज घेऊन बाग उभी केलेल्या माणसाच्या पोटात गोळा आला. नंतर ते नाव यादीत आलं.

वर्गात मी सांगायचो, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. वारणेला उत्तर आधी लिहिलं गेलं. आमच्याकडे प्रश्न वाचला, पण तो दरवर्षी बदलतो हे ध्यानात यायला 2010 उजाडावं लागलं.

असो. शेजाऱ्याला एवढंच म्हटलं, "नंबर जपून ठेव, पण यंदाची यादीही वाच."