‘बघतो’ म्हणजे हो की नाही? परिणामकारक संवाद का महत्त्वाचा असतो?

साहेबांनी काम सांगितले. समोरचा म्हणाला, “बघतो.” साहेबांनी ते ‘करतो’ असे धरले, तर त्याच्या मनात ‘वेळ मिळाला तर’ असे होते. शुक्रवारी दोघांचा वाद झाला. घरातही असेच होते. “काय झालं?” या प्रश्नाला “काही नाही” असे उत्तर मिळते आणि त्याचा अर्थ अनेकदा उलटाच असतो.

परिणामकारक संवाद म्हणजे केवळ छान किंवा स्पष्ट बोलणे नव्हे. ज्या अर्थाने सांगितले, त्याच अर्थाने समोरच्याला कळले आणि तशी खात्रीही झाली, म्हणजे संवाद पूर्ण झाला.

एक गैरसमज, ५८३ मृत्यू

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुके होते. केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन जम्बो विमाने एकाच धावपट्टीवर होती. केएलएमच्या वैमानिकाने उड्डाणाची परवानगी मिळण्याआधीच विमान पळवायला सुरुवात केली. सहवैमानिकाने रेडिओवर जे सांगितले, त्यावरून विमान उड्डाणासाठी तयार उभे आहे, असा नियंत्रकाचा समज झाला. नियंत्रक आणि पॅन अ‍ॅमचे वैमानिक एकाच वेळी बोलल्यामुळे महत्त्वाचे शब्द केएलएमच्या कॉकपिटमध्ये नीट ऐकूच गेले नाहीत. फ्लाइट इंजिनिअरने पॅन अ‍ॅमचे विमान अजून धावपट्टीवर असल्याची शंका काढली. अनुभवी कॅप्टनने ती झटकून टाकली. दोन्ही विमानांची टक्कर होऊन ५८३ जणांचा मृत्यू झाला.

या अपघातानंतर विमान वाहतुकीत ठरावीक शब्दच वापरण्यावर आणि मिळालेली सूचना परत म्हणून दाखवण्यावर भर वाढला. कनिष्ठांनी शंका बोलून दाखवावी आणि वरिष्ठांनी ती ऐकावी, याचेही प्रशिक्षण सुरू झाले.

कामाच्या ठिकाणी

अनेक रुग्णालयांत डॉक्टरांनी फोनवर सांगितलेले औषध आणि मात्रा नर्स लिहून घेते आणि परत वाचून दाखवते. डॉक्टरांनी “बरोबर” म्हटल्यावरच सूचना पक्की होते. हीच पद्धत कोणत्याही ऑफिसात वापरता येते: “म्हणजे गुरुवारी चारपर्यंत फक्त पुण्याचा रिपोर्ट द्यायचा, बरोबर ना?” हे एक वाक्य नंतरचे दहा मेसेज वाचवते. मात्र, शंका विचारणाऱ्याला “एवढंही कळत नाही?” असे ऐकावे लागत असेल, तर पुढच्या वेळी तो विचारणारच नाही.

नात्यांमध्ये

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षे जोडप्यांच्या संभाषणांचा अभ्यास केला. नात्याला घातक ठरणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या आहेत: व्यक्तीवर टीका, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि अबोला. त्यांतली तुच्छता सर्वांत घातक, असे ते मानतात.

तक्रार आणि टीका यांत फरक आहे. “तू कधीच वेळेवर येत नाहीस” ही माणसावर टीका झाली. “आठला येतो म्हणालास, नऊ वाजले, मला काळजी वाटली” ही घटनेबद्दलची तक्रार झाली. पहिल्या वाक्याला बहुधा प्रतिहल्ला मिळतो, दुसऱ्याला उत्तर मिळू शकते.

काय करता येईल?

- ‘लवकर’, ‘नंतर’, ‘बघू’ याऐवजी दिवस आणि वेळ सांगा.
- उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून बघा.
- “कळलं का?” याला बहुतेक जण “हो” म्हणतात. त्याऐवजी “आता आधी काय करणार?” असे विचारा.
- राग अनावर झाला तर थांबा, पण “अर्ध्या तासाने बोलू” असे सांगून थांबा आणि खरोखर बोला. न सांगता गप्प बसणे म्हणजे अबोला.
- नाजूक विषय मेसेजवर लांबवू नका. मेसेजमध्ये आवाजाचा सूर कळत नाही. फोन करा किंवा भेटा.

चांगल्या संवादाने मतभेद संपत नाहीत. पण निदान वाद खऱ्या मुद्द्यावर होतो, न बोललेल्या शब्दांवर नाही.