सोन्याचा पालना आणि साडीची झोळी

मंडळी, मागच्या वेळी आपण जालन्याच्या बाजारपेठेविषयी बोललो. 'जालना, सोने का पालना' ही म्हण त्यात आली. व्याख्यान संपल्यावर एका आजींनी विचारलं, बाजाराचं राहू द्या, नातू रात्रभर किरकिरतो, त्याला झोळी बांधावी की सुनेनं मागवलेला क्रिब बरा? प्रश्न घरगुती वाटतो, पण त्यात शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आज त्याच्याविषयी बोलू.

आपल्याकडे पाळणा ही आधी समारंभाची वस्तू. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी रामनवमीला दोन जन्म साजरे होतात, एक रामाचा आणि दुसरा समर्थ रामदासांचा. परंपरेनुसार समर्थ 1608 साली याच दिवशी जन्मले. बाराव्या दिवशी बारसं, पाळण्याला फुलं, कुंची, वाळे, घुगऱ्या. पण तुळईला साखळीनं टांगलेला लाकडी पाळणा कुणाकडे? ज्याच्याकडे तुळई आहे त्याच्याकडे. बाकीच्यांचं बाळ जुन्या साडीच्या झोळीत वाढलं. बांधावरच्या बाभळीला, लिंबाला, नाहीतर बैलगाडीखाली बांधलेली झोळी.

झोळीला हसायचं कारण नाही. जमिनीवर विंचू, मुंग्या, सापाची भीती. आई कापूस वेचत पुढं सरकते, मधूनच येऊन एक झोका देते. झोळीनं मोठी अडचण सोडवली म्हणूनच ती टिकली.

पण सगळ्याच मजूर बायकांच्या कामावर झोका द्यायची सोय नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत बाई सकाळी आत गेली की मूल घरी, नाहीतर तिथंच कोपऱ्यात. मग अफूची गोळी. तिला 'बाळागोळी' असं गोंडस नाव होतं. 1929 साली नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशननंही या प्रकाराची दखल घेतली आणि पाळणाघरांची शिफारस केली. पुढं 1948 च्या कारखाना कायद्यात पन्नासांहून जास्त स्त्री कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं, 1976 साली ती संख्या तीसवर आली. 'पाळणाघर' या शब्दामागं हे आहे. मूल शांत झोपलंय याचा अर्थ ते सुखरूप आहे असा होत नाही, हे त्या गोळीनं फार महागात शिकवलं. आजही किरकिऱ्या बाळाला सर्दीचं गुंगीचं औषध पाजणारे लोक आम्हाला भेटतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असलं काही देऊ नका.

आता पश्चिमेकडे पाहू. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, त्यामुळे रूसो आठवणारच. 1762 च्या 'एमिल'मध्ये त्यानं बाळांना घट्ट बांधून ठेवण्यावर कडाडून टीका केली. (स्वतःची पाच मुलं त्यानं अनाथालयात दिली होती, हेही सांगितलं पाहिजे.) पुढं 1950 च्या दशकात तिकडचे तज्ज्ञच बाळाला पालथं झोपवा म्हणू लागले, ओकारी घशात अडकेल या भीतीनं. लाखो आयांनी ऐकलं, आणि झोपेतच अचानक दगावणारी बाळं वाढली. चूक लक्षात यायला तीसेक वर्षं लागली. 1991 साली ब्रिटनमध्ये आणि 1994 साली अमेरिकेत 'उताणं झोपवा' ही मोहीम निघाली, आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतले असे मृत्यू निम्म्यावर आले. आपल्याकडे बाळ पाळण्यात उताणंच ठेवायची रीत. 'बाळ पालथं पडलं' ही तर शेजारी सांगायची बातमी. तेव्हा या बाबतीत आजी बरोबर होत्या.

सगळ्याच बाबतीत मात्र नाही. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीवर येते आणि नाजूक श्वासनलिका दबते. कापड तोंडावर मिटतं. थोरलं भावंड खेळता खेळता झोळीला पीळ देतं आणि फास बसतो. अशा घटना आपल्या देशात नोंदल्या गेल्या आहेत. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशीही नको. आणि सुनेच्या क्रिबला दोष देण्याआधी तिकडचा कायदा बघा: 2022 साली अमेरिकेनं दहा अंशांहून जास्त उताराची झोपण्याची साधनं आणि क्रिबच्या कडेनं लावायच्या मऊ गाद्या, दोन्हींवर बंदी घातली. म्हणजे धोका झोळीतही आहे आणि महागड्या क्रिबच्या सजावटीतही.

तेव्हा आजींना उत्तर असं. क्रिब वापरा, पण रिकामा. कडक, सपाट गादी, वर ताणून बसवलेली एकच चादर. उशी, दुलई, बाहुली काही नाही. गजांमधलं अंतर सहा सेंटीमीटरच्या आत. क्रिब आईच्याच खोलीत, बाळ मात्र आईच्या अंथरुणात नाही. जालन्याचा मे महिना असेल तर टोपडं काढा, एक पातळ झबलं पुरे. मानेला घाम म्हणजे कपडे जास्त झाले. बाळ कुशीवर वळायला लागलं की दुपट्यात गुंडाळणं बंद.

आणि किरकिर? 2022 साली जपानमधल्या संशोधकांनी 21 बाळांवर पाहिलं: रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटं न थांबता चालायचं, ते झोपलं की पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन नुसतं बसायचं, मगच खाली ठेवायचं. लगेच ठेवलं की जागं होतं. येरझारा घालणाऱ्या आजोबांना हे निम्मं ठाऊक होतंच. बसायचं तेवढं राहत होतं. झोळीत झोके देऊन डोळा लागला तरी हरकत नाही, पण कुणी तरी जवळ बसलेलं हवं, आणि झोप लागल्यावर बाळ सपाट जागी हलवायचं.

आता एक गोष्ट उरते, ती आजींच्या घरची नाही. दिवाळीनंतर आपल्या अंबड-घनसावंगी भागातून जोडपी ऊसतोडीला जातात. तिथं कोपीत क्रिब कुठून येणार? त्या बाईला 'झोळी वाईट' एवढंच सांगणं म्हणजे तिच्या बाळाला विंचवाच्या स्वाधीन करणं. फडाजवळ सावलीची जागा, जमिनीपासून उंच, सपाट, कडेला कठडा असलेली बांबूची चौकट, मच्छरदाणी आणि लक्ष ठेवायला एक पगारी बाई, एवढं लागतं. कारखान्याच्या हंगामी खर्चात ही रक्कम दिसणारसुद्धा नाही. कायद्यात पाळणाघर आलं ते कारखान्याच्या भिंतीच्या आतल्या बाईसाठी. ऊस तोडणारी बाई त्या भिंतीच्या बाहेर काम करते.