.४५० चालत नाही, .४७० चालतं

गेल्या शनिवारी सर्व्हरचं एक अपग्रेड रात्री दोनपर्यंत रेंगाळलं. स्क्रीनवरचा बार सरकेपर्यंत वेळ काढायचा म्हणून जिम कॉर्बेट पुन्हा हातात घेतला. पण या वेळी वाघ राहिला बाजूला, मी अडकलो ते रायफलींच्या आकड्यांत.

इंग्रजांच्या जुन्या, मोठ्या शिकारी रायफलींची यादी काढून बघा. .४५०, .४६५, .४७०, .४७५, .४७६. हे इंचातले आकडे, म्हणजे ढोबळमानाने नळीचा व्यास. आता गंमत बघा, या सगळ्या साधारण ३१ ते ३४ ग्रॅमची गोळी सेकंदाला २१०० फुटांच्या आसपास फेकतात. समोर गवा असो की हत्ती, त्याला यातला फरक कळणार नाही. मग एकाच प्रॉडक्टच्या पाच व्हर्जन कशाला? आपल्या धंद्यात असे विचित्र व्हर्जन नंबर दिसले की समजायचं, मागे काहीतरी लफडं आहे. इथेही आहे. कुणीतरी सरकारला न विचारता काडतूस पुन्हा भरेल, ही भीती.

आधी थोडी पार्श्वभूमी. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी, दारू आणि प्रायमर संपतात, पुंगळी मात्र उरते. तिला पुन्हा आकारात आणायचं, नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू भरायची, वर गोळी दाबायची. याला म्हणतात हँडलोडिंग. आणि न उडालेलं काडतूस असेल तर त्याची गोळी उपटून दुसऱ्या पुंगळीतही बसवता येते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळी भानगड त्यातच आहे.

१८९८ साली लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस आणलं. सव्वातीन इंच लांबीची पुंगळी जुनीच, काळ्या दारूच्या जमान्यातली. नवीन होतं ते कॉर्डाइट. एबल आणि ड्यूअर या दोघा शास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये केलेलं हे मिश्रण: नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ आणि उरलेलं ५ टक्के चक्क व्हॅसलिन. दिसायला थेट शेवया! पुंगळीत शेवयांची जुडी उभी ठेवलेली असायची. धूर जवळजवळ नाही, वेग भरपूर. पूर्वी हत्तीसाठी खांदा मोडणारी तोफच जणू न्यावी लागे, ते काम आता पाच किलोची दुनळी करू लागली. .४५० हा आकडा रातोरात स्टँडर्ड झाला.

आणि तिथेच माशी शिंकली, कारण आणखी एका रायफलीची नळी .४५०ची होती. मार्टिनी-हेन्री, १८७१पासून ब्रिटिश फौजेची. तिच्या काडतुसाचं पूर्ण नाव .५७७/४५०. म्हणजे .५७७ची पुंगळी घेऊन तिची मान .४५०पर्यंत आवळलेली. ही .५७७ आली स्नायडर रायफलीकडून, आणि स्नायडर तरी काय, जुन्या एनफिल्डला मागून उघडणारं दार बसवलं की झाली स्नायडर. कोणती एनफिल्ड? तीच, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७चा भडका उडाला. नाव बदललं, फौजेने दोनदा रायफल बदलली, तरी तो .५७७ काडतुसाच्या नावात चिकटून बसलेलाच. यापेक्षा जुना लेगसी कोड मी तरी पाहिलेला नाही. :-)

तर या मार्टिनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फौजेतून मागे पडत होत्या, पण वायव्य सरहद्दीवर आफ्रिदी आणि इतर टोळ्यांच्या हातात जोरात होत्या. काही लुटलेल्या, काही चोरलेल्या, काही इराणच्या आखातातून चोरट्या मार्गाने आलेल्या, आणि काही दऱ्याच्या कारागिरांनी कानशीने घासून घासून बनवलेल्या. रायफल मिळायची, वांधे काडतुसांचे. मग सरकारी डोकं असं चाललं: साहेब लोक शिकारीसाठी .४५०ची काडतुसं आणतात, ती चोरीला जातील, त्यातली गोळी कुणीतरी उपटेल, मार्टिनीच्या पुंगळीत भरेल आणि आपल्याच शिपायावर झाडेल. सुदानातही मार्टिनी बंडखोरांकडे पोचल्या होत्याच. म्हणून १९०७ साली भारत आणि सुदान या दोन्हीकडे .४५० बोअरची आयात बंद.

माझं मत विचाराल तर भीती अगदी खोटी नव्हती, पण उपाय बाबू लोकांचा होता. शिकारीची काडतुसं महाग आणि मोजकी, त्यांच्या भरवशावर कोण लढाई करणार?

बंदुका बनवणाऱ्यांनी मात्र या नियमाचा जो वर्कअराउंड काढला त्याला तोड नाही. .४५० नको? ठीक, हॉलंड अँड हॉलंडने .४६५ काढली. वेस्टली रिचर्ड्सने .४७६. जोसेफ लँगचं नाव लागलेलं .४७० इतरही कंपन्यांनी उचललं आणि यथावकाश तेच सगळ्यांत लोकप्रिय झालं. जेफ्रीची .४५०/४०० निसटली, कारण तिच्यात .४५० फक्त पुंगळीपुरतं आणि गोळी .४००ची. हीच कॉर्बेटसाहेबांची नंतरची आवडती.

आणि याच १९०७ साली कॉर्बेटने चंपावतची वाघीण मारली. सरकारी नोंदीप्रमाणे तिच्या खात्यावर ४३६ माणसं. १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक ठेवणं गुन्हा, त्यामुळे गावांतून निदान उघडपणे बंदुका जवळजवळ नव्हत्या. हाका घालायची वेळ आली तेव्हा तहसीलदाराने जाहीर केलं की बिनपरवाना हत्यारांकडे आज मी बघणार नाही, आणि लागेल त्याला दारूगोळाही देईन. कॉर्बेट लिहितो की त्या दिवशी जी हत्यारं बाहेर निघाली त्यांतून एक म्युझियम भरलं असतं. म्हणजे बघा, कलकत्त्यात बसून कोणी व्यासाचे हजारावे भाग मोजतंय आणि कुमाऊंत लोक लपवलेल्या नळ्या घेऊन वाघिणीसमोर उभे. खुद्द कॉर्बेटजवळ तीनच काडतुसं होती. ती संपल्यावर शेवटची गोळी झाडली ती तहसीलदाराच्या खिळखिळ्या बंदुकीतून.

असो. पुढची पन्नास-साठ वर्षं ही सगळी काडतुसं मुख्यतः एकाच ठिकाणाहून यायची, बर्मिंगहॅमजवळच्या विटनची किनॉक कंपनी. साम्राज्य आटोपलं, गिऱ्हाईक आटलं, १९६०च्या दशकात किनॉकने एकेक काडतूस बंद करत आणलं आणि १९७०च्या सुमारास खेळ खलास. व्हेंडरने सपोर्ट काढून घेतला! जगभर घराघरांत उत्तम दुनळ्या, आणि त्या भिंतीवर टांगायच्या लायकीच्या.

इथे हँडलोडर कामाला लागले, मुख्यतः अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात. काम सोपं नव्हतं. दुनळीच्या दोन्ही नळ्या समांतर नसतात, पुढे किंचित एकमेकींकडे झुकलेल्या असतात. कारागीर गोळ्या झाडून बघत, पाचर सरकवत, डाख देत त्या अशा जुळवतो की दोन्हींच्या गोळ्या ठरलेल्या अंतरावर एका जागी पडाव्यात. हे जुळणं एकाच वजनाच्या गोळीशी आणि एकाच वेगाशी बांधलेलं. तो भार नळीखाली कोरलेलाही असतो. वेग बदलला की दोन गोळ्या दोन दिशांना. चक्क हार्डकोड केलेलं. कॉर्डाइट तर मिळेना, मग आजची दारू वापरून तोच जुना वेग गाठायचा, आणि शंभर वर्षांच्या नळीवर जादा दाब येऊ द्यायचा नाही. आजची दारू जागा कमी व्यापते, पुंगळीत पोकळी राहते आणि बार एकसारखा उडत नाही. ती पोकळी भरायला काय वापरलं असेल? सावरीचा कापूस! आजीच्या उशीतला तो हाच.

जुन्या पुंगळ्यांचाही त्रास. किनॉकचे प्रायमर बर्डन पद्धतीचे, त्यामुळे पुंगळीच्या बुडाला मधोमध एक भोक नसून बाजूला दोन बारीक भोकं. साध्या टोचणीने प्रायमर निघत नाही, मग आत पाणी भरून ठोकून काढणारे बहाद्दर होते. (बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज. पण अमेरिकेने बॉक्सरची पद्धत घेतली आणि इंग्रजांनी बर्डनची. का, देव जाणे.) जुन्या प्रायमरमधल्या पाऱ्याने तर पितळच ठिसूळ व्हायचं.

आणि आता त्या १९०७च्या नियमाचा हिशेब. १९५६ साली विंचेस्टरने .४५८ मॅग्नम आणलं आणि त्या मापाची गोळी अमेरिकेत सगळीकडे मिळू लागली. .४५० नायट्रोच्या गोळीचं खरं माप हेच, .४५८ इंच. म्हणजे बंदी घातलेल्या रायफलीला गोळी सहज मिळाली. आणि कायदा पाळायला जन्मलेली .४६५, .४७६ ही मंडळी अनाथ, कारण त्यांची मापं जगात दुसरी कुणी वापरतच नव्हतं. वुडली नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने ती बनवायला घेतली तेव्हा कुठे त्यांचे दिवस पालटले. .४७० मात्र लोकप्रिय म्हणून वाचली. १९८०च्या दशकाअखेर अमेरिकेच्या फेडरलने ते काडतूस पुन्हा कारखान्यात भरायला घेतलं.

भारतात १९७२नंतर शिकारच बेकायदा आणि दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे आपल्यासाठी हे सगळं वाचनापुरतंच. पण मार्टिनी-हेन्री अजून हौसेने झाडणारे लोक बाहेर आहेत, तेही हँडलोडरच. नाव .४५० असलं तरी नळीतल्या खोबणी धरून तिचं माप मोठं भरतं, म्हणून ते साधारण .४६८ इंचाची शिशाची गोळी ओततात. .४५८ तिथे सैल पडते. आणि हॉलंडच्या त्या .४६५ची, सरकारने बिनधास्त आत येऊ दिलेल्या काडतुसाची, गोळी केवढी? .४६८.