बेलव्ह्यूतील तीन आज्ञाभाषा

सॉफ्टवेअरच्या इतिहासात उत्पादनांची नावे आणि त्यांच्या प्रकाशनाच्या तारखा नोंदवल्या जातात. ती उत्पादने ज्या स्क्रिप्टांच्या बळावर रोज घडवली आणि तपासली गेली, त्यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञा लिहून ठेवलेली फाइल. प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड कंपाइल करणे, त्याचे सुटे भाग जोडून चालणारा प्रोग्रॅम तयार करणे, म्हणजेच बिल्ड, आणि मग त्यावर चाचण्या घेणे ही कामे तिच्याकडे असतात. मधलीच एखादी आज्ञा फसली तर पुढे काय करायचे, हा अशा स्क्रिप्टपुढचा सर्वांत अवघड प्रश्न होय, कारण कंपाइल फसल्याकडे दुर्लक्ष करून पुढे गेलेली स्क्रिप्ट डिस्कवर राहिलेला कालचाच प्रोग्रॅम तपासते आणि त्याला उत्तीर्ण ठरवते. या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे 1980 च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू या एकाच शहरात नांदत होती.

लेक वॉशिंग्टनच्या पूर्व काठावर, सिअ‍ॅटलच्या समोर वसलेल्या या शहरात 1979 च्या आरंभी मायक्रोसॉफ्टने आल्बुकर्कीहून आपले बिऱ्हाड हलवले आणि 1986 मध्ये शेजारच्या रेडमंडला जाईपर्यंत कंपनीचा मुक्काम येथेच होता. एटी अँड टीकडून युनिक्सचा परवाना घेऊन तयार केलेली झेनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम कंपनीने ऑगस्ट 1980 मध्ये येथूनच जाहीर केली आणि पुढे स्वतःच्या अंतर्गत कामासाठीही ती वापरली. झेनिक्सबरोबर युनिक्सच्या सातव्या आवृत्तीची दोन साधने आली: स्टीफन बोर्न यांचा शेल, म्हणजे आज्ञा वाचून त्या पार पाडणारा प्रोग्रॅम, आणि स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलेला मेक, जो फाइलींच्या बदलाच्या वेळा ताडून पाहतो आणि जेवढे जुने झाले असेल तेवढेच नव्याने बांधतो.

बोर्न शेलमध्ये प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा परत करते. शून्य म्हणजे यश, अन्य काहीही म्हणजे अपयश. एरवी शेल अपयशानंतरही पुढची ओळ घेतो, पण 'ई' हा पर्याय दिला की पहिल्या अपयशाला थांबतो. तरीही एक फट उरतेच: एका आज्ञेचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या पाइपमध्ये केवळ शेवटच्या आज्ञेचा आकडा ग्राह्य धरला जातो, त्यामुळे चाचणीचे आउटपुट नोंदवहीच्या फाइलीत उतरवण्यासाठी पाइपमधून टी या आज्ञेकडे पाठवले, की चाचणी फसली तरी टी यशस्वी झाल्याने सगळेच यशस्वी दिसते. बिल्डची स्क्रिप्ट सांभाळणाऱ्याचे बरेचसे कष्ट अशा फटी बुजवण्यातच जातात.

मार्च 1983 मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्याच एमएस-डॉस 2.0 ने झेनिक्सकडून डिरेक्टरींची उतरंड आणि पाइप घेतले, शेलची भाषा मात्र घेतली नाही. डॉसच्या बॅच फाइलीत, म्हणजे तिथल्या स्क्रिप्टमध्ये, अट आणि उडी यांच्या आज्ञा याच आवृत्तीत आल्या, आणि प्रोग्रॅमला संपताना आकडा परत करण्याची सोयही तेव्हाच झाली. परंतु 'इफ एररलेव्हल 1' या अटीचा अर्थ आकडा 1 आहे असा नसून तो 1 किंवा त्याहून मोठा आहे असा होता, म्हणून तपासण्या मोठ्या आकड्याकडून लहानाकडे लिहाव्या लागत, आणि अपयशानंतर आपोआप थांबण्याची सोय तर नव्हतीच. पाइपचा मधला मजकूर तात्पुरत्या फाइलीत लिहिला जाई, कारण डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवत असे. बॅच फाइलसुद्धा ओळीओळीने वाचली जाई आणि मध्येच फ्लॉपी काढली तर ती परत घालण्याची सूचना येई. पाइपच्या बाबतीतला दोष डॉस चालवणाऱ्या कमी मेमरीच्या छोट्या यंत्रांकडे जातो. न थांबण्याच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही, कारण मिळालेला आकडा पाहून थांबायला फारशी मेमरी लागत नाही.

तिसरे उत्तर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे होते. डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली या कंपनीचा डेकवेस्ट हा विभाग बेलव्ह्यूमध्ये 1980 च्या दशकाच्या आरंभी उभा राहिला. डिजिटलच्या व्हीएमएस प्रणालीच्या डीसीएल या आज्ञाभाषेत विषम आकडा यश दर्शवतो आणि सम आकडा इशारा किंवा अपयश; आणि वेगळे काही सांगितले नसेल, तर चूक होताच स्क्रिप्ट थांबते. तिन्हींपैकी बिल्डचे काम करणाऱ्याला सर्वांत जपणारा नियम हाच होता.

1988 मध्ये डिजिटलने डेकवेस्टमधला प्रिझम हा प्रकल्प रद्द केल्यावर कटलर काही सहकाऱ्यांसह मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि जुलै 1993 मध्ये त्यांची विंडोज एनटी बाहेर पडली. रोज संपूर्ण प्रणालीची बिल्ड करून ती तपासण्याची शिस्त त्या प्रकल्पात कसोशीने पाळली गेली, आणि एनटीच्या रचनेत व्हीएमएसचे संस्कार ठळकपणे दिसतात. आज्ञाभाषा मात्र डॉसच्याच वळणाची राहिली. तिथल्या सीएमडी शेलमध्ये आधीची आज्ञा यशस्वी झाली तरच पुढची चालवणारे चिन्ह मिळाले, पण असंख्य जुन्या बॅच फाइली जशाच्या तशा चालत राहाव्यात म्हणून न थांबण्याचा नियम आणि 'इफ एररलेव्हल'चा तो अर्थ विंडोजमध्ये आजही कायम आहेत.